रिकाम्या बाजूचा आवाज

मुलांनो, जरा डोळे मिटा. एक तळहात छातीवर उजवीकडे ठेवा, दुसरा डावीकडे. आता सावकाश श्वास घ्या. दोन्ही हात एकदमच वर आले ना? आता अशी कल्पना करा की उजवा हात वर येतो आहे, पण डावा जागचा हलतच नाही. त्या बाजूला श्वास जायला जागाच उरलेली नाही.

तारनाक्याला राहणाऱ्या केशवराव औरादकरांचं तसं झालं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी गौलीगुड्याजवळच्या मराठी शाळेत गणित शिकवलं. सिगारेटला कधी हात लावला नाही. तरी चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली आणि डॉक्टर माधवीताईंनी ते अख्खं फुप्फुस काढून टाकलं.

“दोन खोल्यांच्या घरातली एक खोली रिकामी केली, एवढंच,” आजोबा नातीला म्हणाले. नात वृषाली दहा वर्षांची. तिला हे एकदम पटलं.

ऑपरेशननंतरचे दिवस मात्र कठीण गेले. प्लास्टिकच्या तीन नळ्यांत तीन निळे चेंडू असलेलं एक खेळण्यासारखं यंत्र असतं. तोंडात नळी धरून श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. आजोबांचा एकही चढेना. टाके ओढले जायचे, कपाळावर घाम यायचा.

शाळेत कुणा मुलाचं गणित अडलं की केशवराव त्याच्याजवळ जाऊन बसायचे. “अर्धं मी, अर्धं तू,” म्हणायचे, वरच्या ओळी स्वतः लिहायचे आणि खडू मुलाच्या हातात द्यायचे. घरी वृषालीलाही ते असंच शिकवायचे. म्हणून त्या दिवशी ती पलंगावर चढून त्यांना खेटून बसली.

“आजोबा, अर्धं तुम्ही घ्या, अर्धं मी घेते.”

आजोबांनी नळीतून श्वास ओढला, तिनं नुसताच हवेतून. पहिला चेंडू वर गेला. मग दुसराही. आजोबांना हसू फुटलं आणि टाके दुखले म्हणून ते लगेच थांबले. त्या दिवसापासून त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. महिन्याभरात ते घराचे दोन जिने न थांबता चढू लागले.

माधवीताई फुप्फुसाच्या ऑपरेशनांवर संशोधन करत होत्या. एक फुप्फुस काढल्यावर उरलेलं फुप्फुस दोन्हींचं काम कसं उचलतं, हे त्यांना आवाजावरून शोधायचं होतं. त्यासाठी दर शनिवारी अकरा वाजता आजोबा रुग्णालयाच्या संशोधन विभागातल्या एका खोलीत जायचे. वृषालीच्या आईला, योगिनीला, शनिवारी ऑफिस असायचं, म्हणून सोबत वृषाली.

ती खोली तिला फार आवडायची. भिंतींना करड्या स्पंजच्या लाद्या, पंखा बंद, दार लावलं की बाहेरची सगळी वर्दळ पुसल्यासारखी. भाग्यलक्ष्मी नावाची तंत्रज्ञ आजोबांच्या पाठीवर दोन चकत्या चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. आवाजाच्या दोन रेघा पडद्यावर चालायच्या. वरची हिरवी उजव्या बाजूची. ती श्वासाबरोबर फुगायची आणि बसायची. खालची पांढरी डाव्या बाजूची. ती सरळ.

“रिकाम्या बाजूचं रेकॉर्डिंग कशाला?” वृषालीनं एकदा विचारलं होतं.

“शांतता कशी असते ते माहीत असल्याशिवाय आवाज मोजायचा कसा?” माधवीताई म्हणाल्या. त्यामुळे दर शनिवारी दहा मिनिटं ती शांतताही नेमानं नोंदली जायची.

तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी पांढरी रेघ हलली.

अगदी थोडी. भाग्यलक्ष्मीनं चकती काढून पुसून पुन्हा लावली. “तातगारू, जरा जोरात नक्को. हळू घ्या.” तातगारू म्हणजे तेलुगूत आजोबा. ती तेलुगू बोलणारी, आजोबांशी बोलून बोलून मराठी शिकलेली. आजोबांनी श्वास हळू घेतला. पांढरी रेघ आपल्याच चालीनं फुगत आणि बसत राहिली.

माधवीताईंनी कानाला हेडफोन लावले आणि बराच वेळ काढले नाहीत.

संध्याकाळी त्यांनी योगिनीला बोलावून घेतलं. वृषाली बाकावर पुस्तक उघडून बसली होती, पण तिचे कान तिकडेच होते. आत श्वासनळीची शिवण उसवली असेल तर रिकाम्या जागेत हवा शिरते, असं माधवीताई सांगत होत्या. मग छाती पुन्हा उघडावी लागते. “आणि सरांचं हृदय दुसरं ऑपरेशन सोसेल असं मला वाटत नाही,” त्या म्हणाल्या. आईनं पर्स उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

पुढच्या आठवड्यात स्कॅन झालं, कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहिलं. शिवण पक्की होती. रिकामी जागा, अशा जागा भरतात तशी, पाण्यानं भरून गेली होती. हवेचा एक बुडबुडाही त्यात नव्हता.

“मग श्वास कोण घेतंय, पाणी?” शनिवारी वृषालीसोबत त्या खोलीत आल्यावर आजोबा म्हणाले. “एक इंजन काढलं, तरी त्याची शिट्टी बंद होईना. माझं काही दुखत नाही हो. उलट तब्येत मस्त आहे.”

“सर, आज एकदा नीट तपासू द्या. शंका राहिली तर मला छाती उघडूनच बघावं लागेल,” माधवीताई म्हणाल्या.

त्यांनी यंत्र बदललं. तारा बदलल्या. मग आजोबांना श्वास रोखायला सांगितला. हिरवी रेघ सपाट झाली. पांढरी चालतच राहिली. भाग्यलक्ष्मीनं घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बावीस श्वास. आजोबांचे चौदा असायचे.

“बावीस म्हणजे लहान मुलांचे,” ती पुटपुटली.

माधवीताईंनी मान वळवून वृषालीकडे पाहिलं. “खोलीत अजून कुणाचा आवाज नको. बेटा, तू जरा बाहेर थांब.”

वृषाली बाहेर गेली. जाड दार लागलं. दाराला काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून आजोबांचा पाठमोरा खांदा दिसत होता आणि पडदा. पांढरी रेघ अजून चालूच होती. आजोबांच्या बोटाला लावलेल्या, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात होता. सत्त्याण्णव.

बाहेर उकडत होतं. तिनं बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा पाणी प्यायली.

पांढरी रेघ सपाट झाली.

तिनं बाटली खाली घेऊन श्वास सोडला. रेघ हलली.

वृषाली काचेला नाक लावून उभी राहिली. मग तिनं गाल फुगवून श्वास रोखला आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. पाच. दहा. रेघ दोरीसारखी ताणलेली. पंधरा. कोपऱ्यातला आकडा त्र्याण्णव. वीस. नव्वद. आजोबांचा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला. माधवीताई चटकन उठल्या.

तिनं तोंड उघडून भसकन हवा ओढली.

आत रेघ उसळली. आकडा पुन्हा चढू लागला. आजोबांनी बटणावरचा हात खाली घेतला.

तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला आतून उबदार वाटलं, जसं अडलेलं गणित सुटल्यावर वाटतं. ती सावकाश, नीट श्वास घेत उभी राहिली, एकही चुकू न देता.

थोड्या वेळानं दार उघडलं. माधवीताई दमलेल्या दिसत होत्या, पण चेहरा सैल झाला होता. “हवा कुठूनही शिरत नाही. मघा घसरलेला आकडाही लगेच सावरला. तेव्हा ऑपरेशनचं कारण नाही. तो आवाज बाहेरचाच कसला तरी असणार. फक्त यंत्र बरोबर मोजतंय ना, तेवढी खात्री करून घेते. वृषाली, तुझी छाती पाच मिनिटं देतेस? धडधाकट माणसाच्या दोन्ही बाजू यावर सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर मात्र आजोबांचं सगळं तपासणं पहिल्यापासून.”

“म्हणजे आजोबांची छाती उघडायची?” वृषालीनं विचारलं.

माधवीताईंनी नुसते तिचे केस सारखे केले.

भाग्यलक्ष्मीनं तिला स्टुलावर बसवलं, हेडफोन दिले आणि चकती हातात दिली. लहान मुलींना ती तेलुगूत ‘पापा’ म्हणायची. “पापा, फ्रॉकच्या आतून तूच धर. पहिले उजवी बाजू.” आणि ती पडद्याकडे वळली. माधवीताईही तिकडेच बघत होत्या.

वृषालीनं चकती उजवीकडे ठेवली. कानात वारा भरला. येणारा, जाणारा, झाडांतून गेल्यासारखा.

“छान. आता डावी.”

तिनं चकती डावीकडे नेली. हृदयाचे ठोके आले. त्यांच्या मागे काहीच नव्हतं. तिनं मोठा श्वास घेतला. खांदे वर गेले, फ्रॉकची उजवी बाजू वर आली. कानात ठोके, आणि ठोक्यांच्या मध्ये स्पंजच्या भिंतींसारखी जाड शांतता.

पलीकडे खुर्चीत आजोबा सदऱ्याची बटणं लावत होते. ते तिच्याकडे पाहून हसले.

“ठेवलीस का, पापा?” पाठमोऱ्या भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

वृषालीनं फ्रॉकच्या आतला हात हळूच सरकवला आणि चकती पुन्हा उजवीकडे टेकवली.

“हौ,” ती म्हणाली. “डावीकडेच आहे.”