येते म्हणावं

आरसा बोलतो हे लहान पोरांना अगदी खरं वाटतं, आणि मोठ्यांना त्यातली गंमत ठाऊक असते. आरशामागे बसून बोलणाऱ्या बाईला काय वाटतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं. पोटापाण्याचा उद्योग तो, त्यात विचारायचं काय!

परीकथांची ती बाग, बागेत चेटकिणीची झोपडी, झोपडीत भिंतभर आरसा. पोरांच्या बाजूने आरसा, मागच्या बाजूने नुसती काच. त्या काचेमागे कपाटाएवढी अंधारी खोली, एक स्टूल, एक माइक आणि एक बटण. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि आरशात चेहरा तरंगायचा. चार वर्षं ती त्या स्टुलावर बसत होती. बागेत तिला सगळे आरसेबाईच म्हणत.

युक्ती साधी होती. दारावर जादूगाराच्या झग्यात एक आजोबा बसत. त्यांची दाढी कापसाची, तोही जुन्या उशीतला. ते आईबापांकडून हळूच चिठ्ठी लिहून घेत, पोराचं नाव, आवडता खाऊ, ताजी खोडी, आणि चिठ्ठी फटीतून आत सरकवत. मग आरसा गंभीरपणे विचारायचा, काल दूध कुंडीत कुणी ओतलं? पोराचा वासलेला आ बघण्यासारखा असे. नियम एकच, चिठ्ठी नसेल तर आरसा मुका. संध्याकाळी काचेवरचे नाकांचे डाग पुसायचे आणि घरी जायचं. डाग किती उंचीवर आहे त्यावरून ती पोराचं वय सांगायची.

आणि तिची एक खोड होती. निघताना कुणी 'जाते' म्हटलेलं तिला खपत नसे. रोज 'येतो' म्हणणारा तिचा नवरा एका सकाळी घाईघाईत "जातो गं" म्हणाला, आणि गेला तो गेलाच. अपघातच होता, शब्दाचा काय दोष? पण मनाला कोण समजावणार. सहा वर्षांची लेक रोज मुद्दाम दारात थांबून "जाते" म्हणायची. आई "येते म्हणावं" असं ओरडली की "येते, येते, येते" करत जिना उतरायची. बागेतली तिकीटवाली तर चिडवायची, वीज गेली तरी आरसेबाई म्हणणार, गेली म्हणू नये, येते म्हणून गेली.

त्या दिवशी दुपार ढगाळ होती. सुट्टीचे दिवस नव्हते, बागेत चिटपाखरू नाही. लेक शाळेतून येऊन पलीकडे पोशाखांच्या खोलीत शिवणकामवाल्या मावशीजवळ बसली होती. दूरवर रिकामा घोड्यांचा पाळणा फिरत होता आणि त्याची तीच ती धून येत होती. आरसेबाईला पेंग आली.

मान वर केली तर समोर एक मुलगी उभी.

पाचसहा वर्षांची असेल. डोक्यावर निळ्या कागदाचा मुकुट. बाग वाढदिवसाच्या पोरांना मुकुट देते, पण पिवळा. आरसेबाईने फटीकडे हात नेला. चिठ्ठी नव्हती. थांबली, पुन्हा चाचपलं, काहीच नाही. मुलगी हलेना. आरशासमोर आलेलं पोर आधी स्वतःला बघतं, जीभ काढतं, केस सारखे करतं. ही स्वतःकडे बघतच नव्हती. हिरवा दिवा लागलेला नव्हता, तरी ती नेमकी आरसेबाईच्या डोळ्यांत बघत होती.

घाबरलेलं पोर दिसतंय, चुकलंबिकलं असेल, असं वाटून तिने नियम मोडला. बटण दाबलं आणि आरशाच्या आवाजात म्हणाली, बोल राजकन्ये, काय हवंय?

"मला ओळखलंस?"

आरशाला सगळं ठाऊक असतं ना! ती म्हणाली, ओळखलं तर.

"मग आईला सांगशील? मी इथेच थांबले होते... कुठे गेले नाही."

"सांगेन हं."

मुलीने मोठ्ठा श्वास सोडला. खूप दिवसांचं काम हातावेगळं झाल्यासारखा तिचा चेहरा सैल झाला. "झालं मग," ती म्हणाली. "आता जाते मी."

आणि आरसेबाईची जीभ गेली की सवयीवर! "असं म्हणू नये, बाळ. येते म्हणावं."

मुलगी निघता निघता थबकली. तिने विचार केला. मग हसली.

"येते..."

"ये हं," आरसेबाई म्हणाली.

मुलगी दाराकडे वळलीच नाही. ती सरळ आरशाकडे चालत आली आणि तिने काचेला नाक लावलं. काचेवर वाफ धरली नाही. हिरवा दिवा फडफडून विझला. त्या कोंदट खोलीत, अगदी मानेजवळ, नुकत्याच फुंकर मारलेल्या मेणबत्तीचा वास आला. दिवा पुन्हा लागला तेव्हा झोपडी रिकामी होती. काचेवर नाकाचा डाग होता. काही न सुचून तिने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि डाग पुसला गेला. तिच्या बाजूने पुसला गेला.

ती धडपडत बाहेर आली. आजोबा खुर्चीवर बसले होते, दाराला साखळी लावलेली. अर्ध्या तासात कुणी आत गेलं नाही, ते म्हणाले. निळा मुकुट हा शब्द ऐकला आणि त्यांनी दाढी काढून मांडीवर ठेवली.

तू यायच्या आधीची गोष्ट, ते म्हणाले. पलीकडे राक्षसाची गुहा होती, तिच्यात रोज खोटा धूर सोडायचे. एक दिवस वायर जळून खरा धूर झाला, तर लोक आधी हसतच राहिले. मग पळापळ. एक आई वाढदिवसाच्या पोरीला आरशासमोर उभी करून पाणी आणायला गेली होती. इथेच थांब, कुठे जाऊ नकोस, असं बजावून. पोर शहाणी, ती थांबली. निळे मुकुट तेव्हापासून बंद झाले.

"मला तीनदा दिसली," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "नुसती उभी असते. कधी बोलली नाही. तुझ्याशी बोलली काही?"

"शेवटी... जाते म्हणाली."

आजोबांनी डोळे मिटले. "सुटली बिचारी."

आरसेबाई डाग पुसलेलं बोट पदराला पुसत राहिली.

त्यांनी डोळे उघडले. "तू काय म्हणालीस?"

तिची खोड साऱ्या बागेला माहीत होती, आजोबांना न सांगता कळलं. "अगं बाई..." ते म्हणाले. "जाणाऱ्याला कुणी परत बोलावतं का?"

ती पोशाखांच्या खोलीकडे धावली. लेक बटणं ओवत बसली होती, धडधाकट. तिला छातीशी धरून आरसेबाईने घर गाठलं आणि त्या रात्री कपाटाच्या आरशावर चादर टाकली. उद्यापासून तो शब्द तोंडातून काढायचा नाही, असं तिने शंभरदा स्वतःला बजावलं.

सकाळ झाली. लेक दप्तर अडकवून दारात उभी राहिली, रोजच्यासारखी मिश्किल.

"आई, जाते."

'येते म्हणावं' असं बोलावं तर त्या दुसरीला पुन्हा आवतण. न बोलावं तर... नवऱ्याची जिना उतरणारी पाठ डोळ्यांसमोर आली. आरसेबाईने तोंड उघडलं, मिटलं. लेक वाट बघत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, कपाटाच्या बाजूने आवाज आला. बारीक, पण हेल तोच, तिचा स्वतःचा, आरशातला.

"असं म्हणू नये, बाळ... येते म्हणावं."

आई आवाज बदलून बोलतेय असंच लेकीला वाटलं. ती खुदकन हसली आणि "येते, येते, येते" करत जिना उतरली. आरसेबाईला तिला अडवायचं होतं, पण पाय उचलेना.

बऱ्याच वेळाने ती आत गेली. चादर खाली पडली होती. आरशावर नाकाचा डाग होता, सहा वर्षांच्या उंचीवर. कोरड्या फडक्याने पुसला, ओल्याने पुसला, नखाने खरवडला. तो जाईना. काचेच्या पलीकडचा डाग अलीकडून कसा जाणार?

त्या दिवशी ती बागेत गेलीच नाही. साडेबाराला शाळा सुटली. जिन्यात ओळखीची पावलं वाजली. आरसेबाईने दार उघडलं, लेक दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने पोरीला उचलून घट्ट कवटाळलं, केसांत तोंड खुपसलं.

केसांना विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता.

"आले ना मी?" पोर तिच्या कानाशी म्हणाली. "तूच ये म्हणालीस."

आणि आतल्या खोलीत, कपाटाच्या आरशावर, कुणीतरी आतून टकटक करत होतं.