रिकाम्या खुर्चीपुढची गिरकी

"हे गेले त्याला वर्ष झालं," बाई म्हणाल्या, "आणि कबुतरं अजून ह्यांच्या रिकाम्या खुर्चीला सलाम करतात."

मावशींनी कप खाली ठेवला. खासगी तपासाच्या कामात त्यांचा दबदबा होता. सोबतच्या भाच्याचा दबदबा होता तो फक्त वजनाचा.

"तुम्ही आत जाता?"

"छे! ह्यांच्यामागे त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. दाराच्या काचेतून बघते. उशी दबलेली दिसते, खाली दाणे दिसतात. किल्ली एकच, माझ्या गळ्यात." त्यांनी डोळे पुसायला स्वेटरच्या खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर काहीतरी फरशीवर टपटपलं. भाच्यानं वाकून पाहिलं, तर वाळके वाटाणे. बायकांच्या खिशात काय काय निघेल, असं मनात म्हणत त्यानं ते केरात टाकले.

"तुम्ही चहात साखर घेता ना?" बाईंनी त्याला विचारलं.

"मघाशीच घातलीत की," भाचा हसला.

"सुनेचंच काम आहे हे. मी दुपारी पडले की किल्ली काढत असणार. मला वेडी ठरवायचंय तिला."

दाराशी सुनेची बॅग भरून ठेवलेली होती. संध्याकाळी तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं.

"माझी आई आयुष्यात कधी खोटं बोललेली नाही," शेजारी बसलेला बाईंचा मुलगा म्हणाला. बायकोकडे मात्र त्याला बघवत नव्हतं.

"मी रोज दाराखालच्या फटीतून काठीनं जाळीपर्यंत गव्हाची थाळी सरकवते, बस," सून म्हणाली. "काचेतून मीही बघते. एकही कबूतर जागचं हलत नाही."

"बघितलंत? धडधडीत खोटं!" बाई कडाडल्या. "ते पांढऱ्या शेपटीचं पिल्लू तर एक पाय उचलून उभं राहतं. तुम्ही साखर घेता ना हो?"

भाच्यानं मावशींकडे बघून डोळे फिरवले. मावशी हसल्या नाहीत.

बाईंनी किल्ली दिली, पण उंबऱ्याबाहेर भिंतीआडच थांबल्या. आत जाळीमागे कबुतरं होती. बाईंच्या यजमानांची, सरांची, खुर्ची दाराकडे पाठ करून होती आणि तिच्याखाली वाळके वाटाणे सांडले होते. दाणे टाकणाऱ्या यंत्राच्या तोंडावर कोळिष्टक होतं.

"बाबांचा प्रयोग," मुलगा म्हणाला. "कबूतर काहीही करो, यंत्रातून अधूनमधून दाणा पडायचा. त्या क्षणी जे गिरकी घेत असेल त्याला वाटायचं, गिरकीमुळेच पडला. मग ते गिरक्याच घेत बसायचं. बाबा म्हणायचे, माणसंही अशीच."

"आणि पांढरी शेपटी?"

"ते बाबांच्या नंतर जन्मलं."

मावशींनी खुंटीवरचा सरांचा कोट भाच्याला चढवला आणि त्याला खुर्चीत बसवलं. कबुतरं ढिम्म. मग मुलगा बसला, मग सून. तरीही ढिम्म.

सांगू नये असं मावशींना फार वाटलं. मग उघड्या दारातून त्यांची नजर त्या बॅगेवर गेली.

"बाई, जरा काचेतून बघता?"

दार लोटलं गेलं. काचेत बाईंचा चेहरा आला आणि आत एका कबुतरानं गिरकी घेतली, दुसऱ्यानं मान झुकवली. पांढऱ्या शेपटीनं एक पाय उचलला.

"सलाम खुर्चीला नव्हता," मावशी हळू म्हणाल्या. "खुर्चीमागच्या काचेला होता. कबूतर कपड्याला भुलत नाही, चेहरा लक्षात ठेवतं. त्या पिल्लानं सरांना कधी पाहिलंच नाही. यंत्र बंद, मग त्याला ही खोड लावली कुणी? जिवंत माणसानं, इथे बसून, हातानं दाणे टाकून. सून देते ते गहू, तेही तोंड न दाखवता. खुर्चीखाली आहेत ते वाटाणे. तेच वाटाणे मघाशी बाईंच्या खिशातून पडले."

"आई खोटं बोलत होती?" मुलानं विचारलं.

"नाही. त्यांना आठवत नाही. डॉक्टरांना दाखवा. आणि ती बॅग आत ठेवा."

बाई आत आल्या होत्या. वर्षभरात पहिल्यांदाच, असं त्यांना वाटत होतं. त्या खुर्चीत बसल्या. हात आपसूक खिशात गेला, बाहेर आला आणि मूठ जाळीवर उघडली. कबुतरं झेपावली. बाई स्वतःच्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे ह्यांच्याकडे... मीच येत होते?"

सून खुर्चीशी खाली बसली. "उद्यापासून दोघी येऊ, आई."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग वळून, पाहुण्याला पहिल्यांदाच बघावं तसं, त्यांनी भाच्याकडे पाहिलं.

"अगं बाई, चहा विचारायचाच राहिला. तुम्ही साखर घेता ना?"

"घेतो की," भाचा म्हणाला. "दोन चमचे घाला."