दुरुस्तीचं कारण

त्या इमारतीतल्या लिफ्टची घंटा इतकी कर्कश होती, की ऑफिसला जाताना ती रोज तीन मजले जिन्याने चढून जायची. त्या दिवशी मात्र दुसऱ्या मजल्यावर जिनाच अडला होता. वाजवायचा एक लांबलचक कीबोर्ड, आणि त्याच्या पलीकडे अडकलेला एक माणूस — तोही गुणगुणत.

"जरा त्या टोकाला हात लावता का?" तो म्हणाला. "चौथ्या मजल्यावर न्यायचाय. लिफ्टमध्ये हा मावत नाही आणि मला एकट्याला झेपत नाही."

आता हिची गंमत अशी, की शेजारी कुणी गुणगुणायला लागलं तर ही चालत्या बसमध्ये जागा बदलणारी. पण आज तिने मुकाट्याने टोक धरलं आणि ती वर चढू लागली. मागून ते गुणगुणणं येतच होतं. चौथा मजला आला तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं.

"तुम्ही काय करता इथे?" त्याने घाम पुसत विचारलं.

"गाणी तपासते. तिसऱ्या मजल्यावर."

"म्हणजे चांगलं-वाईट ठरवता?"

"छे. कानाला किती लागतं, ते ठरवते."

ज्यांना आवाज सोसत नाही अशा माणसांसाठी ते ऑफिस काम करायचं. डोकं उठणारे, आजारातून नुकते उठलेले, अचानक काही वाजलं की दिवसभर न सावरणारे. दवाखान्यांत आणि घरोघरी लावायच्या गाण्यांना इथून चिठ्ठी मिळायची. आवाज कुठे एकदम चढतो, कुठला सूर टोचतो, किती वाद्यं एकाच वेळी अंगावर येतात, हे त्यात लिहिलेलं असायचं. शेवटी शून्य ते दहामधला एक अंक; जितका मोठा, तितका कानाला त्रास. ऑफिसात सगळे तिला 'कानसेन' म्हणत, आणि तिने दोन म्हटलं की दोन.

मग दुपारचा चहा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांमधल्या पायरीवर व्हायला लागला. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, तरी दोघंही बरोबर चारला तिथे हजर.

"हे ऐका," तो म्हणायचा आणि तो रचत असलेल्या गाण्याची एकच ओळ दोन तऱ्हांनी गुणगुणायचा. "कुठलं वळण बरं?"

"दुसरं... पण कप हलवू नका. चमचा वाजतोय."

"चमचाही ऐकू येतो? मग माझ्या मनातलं ऐकू येत असेल."

"तिथे काही वाजत असेल तर येईल ना," ती म्हणाली, आणि नंतर तासभर स्वतःवरच खूश होती.

हे गाणं चाललं तर तो चौथ्या मजल्यावरची भाड्याची खोली ठेवून इथेच राहणार होता. नाही चाललं, तर दुसऱ्या गावी भावाचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि तिथे एक खुर्ची त्याची वाट बघत होती. हे त्याने हसत सांगितलं होतं. तिला काही हसू आलं नाही.

पंधरा दिवसांनी तिच्या टेबलावर एक गाणं आलं. नाव नाही, नुसता नंबर. पहिल्याच ओळीला तिने ओळखलं, हे त्याचंच. ऑफिसचा नियम साधा होता. पहिल्यांदा ऐकताना बसतो तोच खरा धक्का. ओळखीचं गाणं कानाला धक्का देत नाही. म्हणून ओळखीचं गाणं आलं की ते दुसऱ्याकडे सोपवायचं. तिने सोपवलं नाही. हे गाणं आपल्याआधी दुसऱ्या कुणी ऐकावं, हेच तिला सहन होईना.

दोन मिनिटं दहा सेकंदांनी झांज आली. ती येणार हे तिला पायरीवरच्या गप्पांतून ठाऊक होतं. ती तिची वाटच बघत होती. किती छान आली, असं वाटून तिने अंक लिहिला. दोन. आठवड्याभरात गाणं सत्तर दवाखान्यांत पोचलं.

सोमवारी ती घरी आली, तर मावशीच्या हाताला पट्टी. मावशीचं डोकं जरा आवाज झाला की उठायचं. तिनेच हिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि भाचीची चिठ्ठी असलेलीच गाणी ती ऐकायची.

"काही नाही गं, चहा गाळत होते. ती झांज अशी अंगावर आली, की पातेलंच कलंडलं. तुझी चिठ्ठी बघूनच लावलं होतं मी."

रागावून म्हणाली असती तर परवडलं असतं. ही रात्रभर कुशी बदलत राहिली, आणि मंगळवार-बुधवार तिला कुठेच चैन पडेना. सोपी गाणी चार-चारदा तपासली. चारचा चहा टेबलावरच घेतला. तो जिन्यात भेटेल म्हणून ती लिफ्टने जायला लागली, त्या मेल्या घंटेसकट. खरं सांगितलं तर गाणं बंद, आणि तो हार्डवेअरच्या दुकानात. नाही सांगितलं तर सत्तर ठिकाणी कुणाची ना कुणाची मावशी दचकणार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते गाणं अजूनही तिच्या डोक्यात सुरूच होतं.

गुरुवारी सकाळी ती ऑफिसच्या प्रमुखांसमोर, मोठ्या बाईंसमोर, जाऊन उभी राहिली.

"मी एका गाण्याला चुकीचा अंक दिलाय."

मोठ्या बाईंनी ते स्वतः ऐकलं. दोन मिनिटं दहा सेकंदांनी त्यांच्या हातातलं पेन उडालं. "सात," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती लिही. आणि खाली कारण."

"नजरचूक लिहू?"

"आपल्याकडे नजरेचं काय काम? गाणं ओळखीचं होतं का?"

"हो."

"की गाणंवाला ओळखीचा होता?"

"त्याच्याही... पुढचं आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तेच लिही. लोक आपल्या कानांवर विसंबून असतात. खरं कारण कळलं नाही, तर उद्या कुठलाच अंक मानणार नाहीत. आणि हो, प्रत संगीतकारालाही जाते."

तिने लिहिलं. अक्षर सुरेख आलं. 'सुधारित अंक : सात. कारण : तपासणाऱ्या व्यक्तीचं संगीतकारावर प्रेम असल्यामुळे आधीचा अंक ग्राह्य धरू नये.'

अकराला प्रत वर गेली. बारा वाजले. एक वाजला. वर कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं — सहा पावलं इकडे, सहा तिकडे. ती मोजत बसली. मग पावलं थांबली आणि जिन्यात वाजू लागली.

तो दारात उभा होता, हातात कागद.

"सात?"

"सात."

"झांज काढून टाकतो. मग दोन होतील ना?"

"नका काढू." तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "ती तिथेच हवी. गाणं सुंदर आहे, फक्त हळू नाहीये. ज्यांना सोसतं ते ऐकतील... तुम्ही चिडलात ना?"

"पहिली ओळ वाचून चिडलो," तो म्हणाला. "दुसरी ओळ वाचायला दोन तास लागले."

ती टेबलाकडे बघत राहिली. "हरकत घ्यायची असेल तर सात दिवसांत. लेखी."

त्याने तिचंच पेन उचललं, कागदावर खाली काहीतरी लिहिलं आणि कागद तिच्याकडे फिरवला. 'अंक मान्य. कारणाला हरकत नाही; संगीतकाराचीही तीच अवस्था आहे.'

तिने ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"आणि... दुकान?"

"भावाला आत्ताच फोन केला. म्हणाला, खुर्ची काही पळून जात नाही. वरची खोली अजून दोन महिने आहे. तेवढ्यात दुसरं गाणं होईल." तो दाराच्या चौकटीला टेकला. "पण आता माझी गाणी तपासणार कोण?"

"मोठ्या बाई. त्यांच्या कानांना दयामाया नाही."

"आणि तू?"

त्याने पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. तिने कागदाची नीट घडी घातली.

"मी नुसतं ऐकणार," ती म्हणाली.