बोटभर मागे

वेदिकाच्या भुवईवर चार टाके होते आणि हातात तक्रारीचा कागद. कागदावर संशयित म्हणून एकच नाव होतं, नूपुर.

"उद्या संघाची निवड आहे. नूपुर बाद झालीच पाहिजे!" ती म्हणाली. "रायफलवर दुर्बिणीच्या रिंगा कुठं बसवायच्या, तिथं मी नेलपॉलिशची खूण केली होती. दुर्बीण बोटभर मागे सरकवली कोणीतरी. पहिल्याच गोळीला धक्क्यानं कपाळावर आली."

"झाडण्याआधी काही जाणवलं नाही?" उत्तराबाईंनी विचारलं.

"कडेनं काळं दिसलं. पण वेळ संपून राहिला होता."

खासगी तपास करणाऱ्या उत्तराबाई वेदिका आणि आपले मदतनीस दत्तोपंत यांच्यासह रायफल क्लबवर पोचल्या. दत्तोपंतांचं निम्मं लक्ष चहाकडे होतं.

शस्त्रखोली सांभाळणाऱ्या मनोहररावांनी वही हातभर लांब धरून वाचली. "काल दोघंच आत आले. नूपुर, अन् वेदिकाचा भाऊ उन्मेष."

नूपुरनं दुरूनच कागदावरचं आपलं नाव वाचलं. "जळते मी तिच्यावर, लपवू काहून? पण मले तिले हरवायचं आहे, आंधळी नाही करायची!"

उन्मेष शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिला. "रायफल आधी माझी होती. नजर कमी झाली, बाबांनी तिले दिली. चार वर्षांत हात नाही लावला मी."

उत्तराबाईंनी रिकामी रायफल तपासली. स्क्रू घट्ट, दुर्बिणीतली नेमाची फुली अगदी सरळ. खांद्याला लावली तर कडेनं काळं.

"दत्तोपंत, तुम्ही बघा."

दत्तोपंतांनी आपला जाड चष्मा सावरला. "वा! पूर्ण गोल, लख्ख! म्हणजे गुन्हेगार मीच का?"

"नाही, पण तुमच्यासारखाच चष्मेवाला. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो, म्हणून दुर्बीणही मागे घ्यावी लागते. नुसती बिघडवायची असती, तर स्क्रू ढिले केले असते. ही कोणीतरी स्वतःच्या डोळ्यासाठी, जीव लावून बसवली आहे. नूपुरला चष्मा नाही, मनोहररावांनाही नाही. उन्मेष, तुम्हाला आहे."

उन्मेषनं चष्मा काढून हातात घेतला.

"एकदा माझी म्हणून पाहायची होती. परत खुणेवर सरकवणार होतो, तेवढ्यात मनोहररावांनी हाक मारली. मग वाटलं, राहू दे. चुकू दे तिचा नेम एक दिवस. तिले लागेल, असं नव्हतं वाटलं."

वेदिकानं नूपुरचं नाव खोडलं. दुसरं नाव लिहायला हात उठेना.

"दादा, मागितली असती तर मी दिली नसती का?"

"तेच तर नको होतं," उन्मेष म्हणाला. "माझीच रायफल, तुले मागायची!"