विमानवाल्याचा फ्लेक्स

"फ्लेक्स उतरवायचे किती घेता?"

दुकानाच्या दारात एक जण उभा होता. श्रावणातली भुरभुर अंगावर घेऊन आलेला, चष्म्याच्या काचांवर थेंब, चिखलानं भरलेल्या चपला हातात. मी कॉम्प्युटरवरून मान वर न करताच म्हटलं, "आम्ही लावतो. उतरवायचं काम वारा करतो."

तो हसला नाही. बाई गं, एवढा चांगला विनोद वाया!

"बसस्टँडवरचा आहे," तो म्हणाला. "तो... विमानवाला."

झालं, माझं डोकंच फिरलं. मी मूळची तळोद्याची, मगनमामाचं हे सारंगखेड्याचं दुकान सांभाळायला आले. इथं छापायचं काय, तर वाढदिवस नाहीतर दशक्रिया. पहिल्यांदाच काहीतरी भारी छापलं होतं. "नवनीतभाऊ, गावाची शान! पक्षी धडकला, इंजिन पेटलं, तरी एकट्याने वाचवले शेकडो प्राण!" मागे ढग फाडून येणारं विमान, पुढे टोपी-गॉगलवाला वैमानिक.

"तो उतरणार नाही," मी ठणकावलं. "रविवारी कानबाई देवी बसते, तिच्या मांडवात त्यांचा सत्कार आहे. घोड्यावरून मिरवणूक आहे. तुमचं काय दुखतंय? वाचून अंगावर काटा नाही आला?"

"आला ना," तो हळूच म्हणाला. "लिहिलं कोणी?"

"मी!"

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. आणि मी बघतच राहिले... हनुवटीवरची ती खळी मीच तर मोठी करून छापली होती!

"अगं बाई..." माझ्या तोंडून निघालं. "फोटोत जास्त बरे दिसता तुम्ही."

"फोटोत मी कमी दिसतो, म्हणून."

आता तो हसला. आणि मी, चारुलता, जिच्या तोंडाला अख्खा बाजार टरकतो, ती उगाचच माऊस पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. "उतरवला?"

"वारा कुठे सुटलाय अजून?"

मग तो रोजच यायला लागला. निमित्त फ्लेक्सचं, मुक्काम चहाचा. मी त्याच्या शहरी मराठीला हसायचे, तो माझ्या फ्लेक्समधल्या चुका काढायचा. विमानाचा विषय निघाला की मात्र त्याची नजर खाली जायची. गल्लीतून कोणी "काय पायलटसाहेब!" अशी हाक मारली, की कान लाल. मला वाटायचं, लाजतोय. लाजाळू माणूस मला आवडायलाही लागला होता... खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी बाहेर सर कोसळत होती. चहा गार होऊन गेला तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता.

"चारुलता, 'एकट्याने' का लिहिलं?"

"ओळीत जागा उरली होती."

नेहमीसारखं त्याला हसू आलं नाही. उजव्या हाताकडे बघत तो बोलायला लागला.

"विमान नुकतंच वर निघालं होतं. पक्षी डाव्या इंजिनात गेला. सगळं विमान थरथरायला लागलं, आगीची घंटा... आमच्यात नियम आहे, इंजिन बंद करायच्या आधी दोघा वैमानिकांनी मोठ्यानं बोलून खात्री करायची. मी थांबलोच नाही. माझा हात सरळ उजव्या इंजिनाच्या बटणावर गेला. चांगल्या इंजिनाच्या."

मी कॉम्प्युटर बंद केला.

"शेजारी बसलेल्या कॅप्टनबाईंनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, 'नवनीत, कुठलं?' बस्स. ते दाबलं असतं, तर दोन्ही इंजिनं गेली असती. विमान त्यांनी उतरवलं."

चौकशीत त्यानं सगळं सांगितलं होतं. नोकरी गेली नव्हती. सोमवारी निघून पुन्हा प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं, आणि त्याला जायचंच नव्हतं. घरी मात्र 'विमान वाचलं' एवढंच कळवलं होतं. पुढची गोष्ट त्याच्या आईनं, कमलबाईंनी, कौतुकाच्या भरात रचली. उरलेली मी छापली.

"आईला सांगायला गेलो की ती माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवते," तो म्हणाला. "लाज वाटते गं... या हाताकडे बघवत नाही. असल्या हातानं परत विमानात कसा बसू?"

आणि मी काय बोलावं? त्याला बरं वाटावं म्हणून पटकन बोलून गेले, "मग कोणाला कळणार आहे? राहू द्या ना. रविवारी हार घाला, सोमवारी गाडीत बसा. एवढं काय त्यात!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मला ते शब्द परत गिळावेसे वाटले.

"मला वाटलं, निदान तू तरी विचारशील... कुठलं?"

तो पावसातच निघून गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्यानं मन मोकळं केलं, आणि मी त्याला झाकपाक शिकवली! त्याचा हात निदान विमान पेटल्यावर चुकला, माझी जीभ चहा पिता पिता चुकली. स्वतःचीच इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

शनिवारी मी शिडी घेतली, बसस्टँड गाठला आणि वाऱ्याची वाट न बघता तो फ्लेक्स उतरवला. हेमकांतभाऊ सत्काराचे कर्तेधर्ते, ते धावतच आले.

"ए पोरी! काय करी ऱ्हायनी?"

"चूक छापाई गयी व्हती, भाऊ. नवा लावस."

रविवारी संध्याकाळी मिरवणूक निघाली. आमच्या गावात घोड्यांना तोटा नाही. अन्वरचाचांनी आपला पांढरा घोडा सजवून आणला होता. नवनीत वर बसलेला, गळ्यात हार, मान खाली. पुढे लगाम धरून अन्वरचाचा चिखलातून चालत होते. वाजंत्री, गुलाल, आणि सगळ्यात पुढे कमलबाई, भेटेल त्याला सांगत, "मन्हा पोऱ्यानी एकलानी विमान उतारं!"

मांडवाच्या तोंडाशी नवा फ्लेक्स होता. विमान नाही, ढग नाहीत, गॉगल नाही. नुसतं लिहिलं होतं,

"नवनीत, तू घर उना. आम्हले बठ्ठं मिळनं."

त्यानं मान वर केली. वाचलं. तू घरी आलास, आम्हाला सगळं मिळालं. परत वाचलं. मग गर्दीत मला शोधलं... आणि एकदम घोड्यावरून खाली उतरला. गळ्यातला हार काढून त्यानं अन्वरचाचांच्या गळ्यात घातला. वाजंत्री बंद पडली. हेमकांतभाऊंनी गोंधळून माईक पुढे केला.

"लगाम चाचानी धरा, आनि हार मन्हा गळामा," तो म्हणाला. शहरी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "त्या दिन बी आसंच व्हयनं. मन्हा हात चुकीना बटनवर गया व्हता. कॅप्टनबाईनी मन्हा हात धरा. तिनी वाचाडं आम्हले. मी नई."

कमलबाई पदर तोंडाला लावून तिथंच खाली बसल्या. गावभर मिरवलेला अभिमान चारचौघांत खाली आला होता. मला त्यांच्याकडे बघवेना. कानबाईसमोर प्रसादाचे गोड रोट मांडलेले होते. त्या रोटांच्या गव्हात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ पडते. त्यात नवनीतची मूठ त्यांनी किती हौसेनं टाकली असेल!

त्या उठल्या. लेकाजवळ आल्या, त्याचा उजवा हात धरला आणि कपाळाला लावला.

"हात चुकना ते चुकना. तू घर उना ना?" मग डोळे पुसत म्हणाल्या, "पुढला साले त्या बाईना नावनी बी मूठ टाकसू मी."

"अवो, मूठ ते गडीमाणूसना नावनी ऱ्हास," कोणीतरी म्हणालं.

"कानबाई काय गडीमाणूस शे का? बाईच शे!"

मांडव हसला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. गर्दीतून वाट काढत तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"फ्लेक्सवर 'भाऊ' राहिलं," तो फ्लेक्सकडे बघत म्हणाला. "आधीच्या फ्लेक्सवर होतं."

"राहिलं नाही," मी पायाकडे बघत म्हटलं. "काढलं."

त्याच उजव्या हातानं त्यानं गर्दीत माझी करंगळी धरली.

सोमवारी सकाळी कानबाई तापीवर निघाली. विसर्जन झालं की त्याला तिथूनच नंदुरबारला गाडी गाठायची होती. बॅग खांद्यावर टाकून तो काठावर माझ्याकडे आला आणि रुमालात बांधलेलं काहीतरी पुढे केलं. रोटाचा तुकडा.

"हा भाऊबंदांबाहेर देत नाहीत," तो म्हणाला. "बाहेरच्यांनी खायचा नसतो."

"माहीत शे."

"मग? खाशील?"

मी त्याचं मनगट धरलं. "आधी सांग. परत विमानात बसशील?"

"बसेन. पण हात उचलायच्या आधी विचारेन... कुठलं?"

मी तुकडा तोंडात टाकला. गोड होता, जरासा करपलेला. आणि वर बघते तर काय, पाण्यातून परतलेल्या कमलबाई ओल्या पदरानिशी समोर उभ्या! घास गिळवेना, थुंकवेना. लाजेनं माझा जीव अर्धा झाला.

त्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या भरलेल्या गालाकडे.

"खादा ना आते? मंग पुढला साले रोट तूच कर," त्या म्हणाल्या. "आनि करपाडू नको."