फोम मुरेपर्यंत

चिमलपाड्यापर्यंत मोटारसायकल चढते, हे आम्हाला सिद्ध करून दाखवायचं होतं. मोहिमेचा हेतू एवढाच.

अक्कलकुव्याच्या पुढे सातपुड्यात डांबर जिथे संपतं, तिथून चिमलपाड्याची पायवाट सुरू होते. पाड्यावर कोणी आजारी पडलं की गोधडीची झोळी करतात, ती अंबाडीच्या दोराने बांबूला बांधतात आणि बांबू खांद्यावर घेऊन चालू लागतात. एका संस्थेने अशा गावासाठी रुग्ण नेणारी मोटारसायकल द्यायचं ठरवलं. गावं होती दोन. एक चिमलपाडा. दुसरं हायवेला खेटून, जिथे हाक मारली की रिक्षा दारात येते. संस्थेचं म्हणणं असं की चिमलपाड्याने आधी सिद्ध करावं, गाडी वाटेत दुरुस्त न करता वर जाते आणि खाली येते. हायवेवरच्या गावाला मात्र काही सिद्ध करायचं नव्हतं. तिथे गाडी जाते हे सगळ्यांना माहीतच आहे! ज्याला तहान नाही त्याच्यापुढे हंडा, आणि तहानेल्याला म्हणायचं, आधी पळून दाखव!

माझं अक्कलकुव्यात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. काउंटरमागे बसलं की माणसं वाचता येतात. कोण घाईचा, कोण फुशारकीचा, कोण ऐकून घेतल्यासारखं करतो आणि घरी जाऊन उलटं करतो. या तिसऱ्या जातीचा शिरोमणी म्हणजे नंदुरबारकडच्या कोरीट गावचा भावेश.

भावेश गुजर शेतकऱ्याचा मुलगा. घरची मिरची, केळी, ऊस. मनाने लोण्यासारखा, डोक्याने भोपळ्यासारखा. त्याच्याकडे डोंगरात पळवायची उंच मोटारसायकल होती आणि ती त्याने चाचणीसाठी आपणहून देऊ केली. मागे आम्ही रुग्णासाठी पाठ टेकायची खुर्ची बसवली. प्रश्न राहिला टायरचा. त्या वाटेवर बाभळीचे काटे आणि सुरीसारखे दगड. ट्यूब टिकत नाही. म्हणून मी मागच्या चाकात ट्यूबऐवजी फोमचं कडं घालायचं ठरवलं. या कड्यात हवा भरायचीच नसते, मग पंक्चर कुठून होणार?

पण नवं कडं दगडासारखं कडक असतं. तसंच पळवलं तर चाक खडकावरून चेंडूसारखं उडतं, पकड घेत नाही. ते मुरवावं लागतं. मी भावेशला समोर बसवून सांगितलं, "टायरच्या आत हे वंगणाचं जेल सढळ हाताने लाव. पहिले काही दिवस तापीच्या वाळूत, मग बांधावरून, मग खडीवर, हळूहळू चालव. मध्ये थंड होऊ दे. हायवेवर पळवायची नाही. फोम तापला की संपला."

"म्हणजे गोऱ्ह्याले औताची सवय लावतस तसं," भावेश म्हणाला.

"अगदी तसं!"

"मंग कसाले चिंता करस, सीमाताई? गोऱ्हे मी शिकाडेल शे."

तो कडं आणि जेल घेऊन गेला. चाचणीच्या सकाळी गाडी घेऊन आला तेव्हा मी मागचं टायर गुडघ्याने दाबून पाहिलं. मऊ लागलं. फारच मऊ.

"इतक्या लवकर मुरला?"

"मन्हा हात लागना ना!" भावेश छाती फुगवून म्हणाला.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण संस्थेचे नवनीतसाहेब घड्याळ बघत उभे होते.

आम्ही चौघं निघालो. भावेशच्या गाडीवर मागच्या खुर्चीत करमसिंग. हा चिमलपाड्याचाच, तिथला आरोग्य स्वयंसेवक. चाचणीला रुग्ण हवा होता, तर तोच पट्टा आवळून बसला आणि लगेच कण्हायला लागला.

"काय होतंय रे?" मी विचारलं.

"पोटात दुखतंय, ताई. सकाळपासून भाकर नाही."

नवनीतसाहेब माझ्या गाडीवर मागे. माझी गाडी साधी, ट्यूबवाली. साहेबांचे बूट पांढरे होते, यावरून त्यांनी वाटेबद्दल किती चौकशी केली होती ते कळावं.

मार्चचं ऊन चढत होतं. सागाची पानं गळून डोंगर उघडे पडले होते, पळस तेवढा पेटलेला, आणि वाळक्या पानांवर मोहाची फुलं सांडून सगळ्या वाटेला एक गोड, जड वास सुटला होता. पहिला ओढा आम्ही पाण्याचे फवारे उडवत पार केला. दुसऱ्या ओढ्यापलीकडे काटेरी बन लागलं. भावेशची गाडी त्यातून निघून गेली. माझ्या मागच्या चाकातून मात्र 'फुस्स' आवाज आला! ट्यूब काढली तर वॉल्व्हपाशीच फाटलेली. तिथे ठिगळ लागत नाही. गाडी करवंदीच्या जाळीत ढकलली आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"आता मी कशावर बसू?" साहेबांनी विचारलं.

"पायांवर," करमसिंग पुढे थांबलेल्या गाडीच्या खुर्चीतून म्हणाला. "आम्ही त्याच्यावरच बसतो."

पुढे माकडचढ. नाव ठेवणाऱ्याने विचार करूनच ठेवलेलं! डाव्या हाताला कातळ, उजव्या हाताला दरी आणि मधे दगडांच्या वाकड्यातिकड्या पायऱ्या. भावेशने गिअर टाकला. गाडी पहिल्या पायरीवर चढली, दुसऱ्या पायरीवर चढली आणि मागचं चाक वळवळलं! पुन्हा उचललं, पुन्हा वळवळलं. टायरच्या आत काहीतरी थपथप आपटत होतं. जळक्या रबराचा वास आला.

"थांब!" मी ओरडले. "भावेश, थांब!"

तो थांबायच्या आत चाक दरीकडे सरकलं. दगड सुटले! खाली कुठेतरी आपटत गेले! करमसिंगने खुर्चीतूनच कातळात उगवलेली एक मुळी धरली. मी हँडलला लोंबकळले. साहेबांनी, खरं सांगायचं तर, डोळे मिटले. गाडी तिरपी होऊन कातळाला टेकली आणि बंद पडली.

मग करमसिंग म्हणाला, "आता खरंच दुखतंय."

आम्ही गाडी सपाटीवर ओढून चाक खोललं. फोमचं टायर उघडणं म्हणजे रेड्याशी कुस्ती. पण हे पहिल्याच झटक्याला सुटलं. टायर उघडलं आणि... ठसका! साहेब खोकले, करमसिंग शिंकला, माझे डोळे पेटले. हाताला आग लागली. आतलं जेल लालभडक होतं.

"भावेश," मी डोळे पुसत म्हणाले, आणि डोळे पुसले हीच चूक झाली. "ही मिरची कुठून आली?"

भावेश दरीकडे बघत राहिला.

"तोंडात मिरची धरलीस का? बोल!"

"वाळूमा फिराले टाईम नही भेटना, ताई. मिरचीनं काम चालू व्हतं. मंग पथारीवर ठेवं."

"काय ठेवलंस?"

"कडं. मिरचीमा. वरतून काळं प्लास्टिक टाकं. आठ दिनमा मिरची वाळस, मंग फोम काय नरम नही व्हणार? एकदम लोण्यासारखा व्हयना व्हता!"

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर उन्हात लाल गालिचे अंथरलेले असतात, ते मला माहीत आहेत. त्यांच्यात कोणी फोम सुकवील हे मात्र माझ्या सात पिढ्यांना सुचलं नसतं! फोमच्या बारीक बुडबुड्यांत वायू असतो. तोच त्याचा दम. काळ्या प्लास्टिकखाली भाजून तो दम निघून गेला होता. कडं मऊ झालं होतं खरं, पण आक्रसून टायरमध्ये ढिलं पडलं होतं, ज्वारीच्या गोणीत एकटा कांदा ठेवावा तसं.

"गोऱ्ह्याला औताची सवय अशी लावतोस का?" मी म्हणाले. "तव्यावर बसवून?"

साहेबांनी मोबाइल काढून चाकाचा फोटो घेतला. "वाटेत चाक उघडलं. चाचणी इथेच अपूर्ण होते, मॅडम."

"करमसिंगचा पाडा अपूर्ण राहतो, साहेब!"

"नियम मी केलेला नाही."

ज्याने नियम केला तो नेहमी दुसराच असतो. तो कधी कोणाला भेटत नाही.

तेवढ्यात वरून हाका आल्या. करमसिंग ताडकन उठला. माकडचढाच्या माथ्यावर बांबू दिसला, बांबूखाली गोधडी, आणि धावत उतरणारी माणसं. पुढचा खांदा रायसिंगचा. करमसिंगचा चुलतभाऊ. झोळीत त्याची बायको शोभाबाई. मोह वेचताना पानांखाली साप होता. पायावर चावला. घोटा सुजून पोटरीपर्यंत ताणला होता. ती शुद्धीवर होती, पण जीभ जड झाली होती.

करमसिंगने तिच्या पायाला दोन काठ्या लावून तो हलणार नाही असा बांधला. मग कातळावर चढून नेटवर्क पकडलं आणि ॲम्ब्युलन्स डांबराच्या टोकाशी बोलावली. खाली येऊन तो मला म्हणाला, "खांद्यावर न्यायचं तर अंधार पडेल, ताई."

सगळ्यांनी गाडीकडे पाहिलं. तिचं चाक माझ्या मांडीवर होतं, आणि टायरमध्ये कांदा.

ढिलेपणा भरून काढायचा होता, बस. कशाने? सागाची पानं चुरा होतील. साहेबांचा शर्ट अपुरा पडेल; तो मी मनातल्या मनात मापून पाहिला होता. मग माझी नजर झोळीवर गेली. बांबूला गोधडी आवळून धरणारा अंबाडीचा दोर! लांब, बोटाएवढा जाड, कितीतरी जणांच्या घामाने मुरलेला.

"रायसिंगभाऊ, दोर द्या."

रायसिंग माझ्याकडे बघतच राहिला. "दोर सोडला तर झोळी गेली, बाई. तुमची गाडी पुन्हा बसली तर? मी हिला कशात नेऊ?"

भावेश पुढे आला. डोळे लाल, मिरचीने की कशाने, देव जाणे.

"मी हळू चालाडसू, भाऊ. पायी चालतस तितकं हळू. गाडी बसनी तर मन्हा खांदा शे."

रायसिंगने करमसिंगकडे पाहिलं. करमसिंगने मान हलवली. रायसिंगने गाठ सोडली.

मी आणि भावेशने आक्रसलेल्या कड्यावर दोर गुंडाळला. घट्ट! वेढ्याला वेढा भिडवून, फेट्यासारखा. पिशवीत उरलेलं सगळं जेल वर चोपडलं. हात भाजत होते. टायर आता सहज बसेना. ही चांगली खूण! गुडघे टेकून, लोखंडी पट्ट्या रेटून, शिव्या देऊन ते एकदाचं रिमवर चढवलं. साहेबही एका बाजूने रेटत होते. त्यांचे बूट आता पांढरे नव्हते, आणि एवढं मात्र त्यांच्या जमेला लिहायला हवं.

शोभाबाईला खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला. करमसिंग पुढे धावू लागला, कुठला दगड हलतो आणि कुठला नाही ते सांगत. रायसिंग एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला, खुर्ची धरून. भावेशने क्लच सोडला.

चाकाने पकड घेतली!

"डावीकडे, डावीकडे!" करमसिंग ओरडला. उतार आला. गाडी घसरली. थांबली. पुन्हा निघाली. काट्यांचं बन आलं. सरळ आत! काटे टायरमध्ये शिरले, दोराला अडले. शोभाबाईची मान कलली. "बोलत राहा तिच्याशी!" रायसिंग त्यांच्या बोलीत बोलत राहिला, शेतावर, बकरीवर, कोणावर तरी रागावत. ती एकदा पुटपुटली. ओढ्यात पाण्याखालचा दगड फिरला, गाडी कलंडली, भावेशने पाय रोवून ती मांडीवर तोलली. सायलेन्सरने त्याची पोटरी पोळली. भावेश, जो कोरीट ते नंदुरबार वाऱ्याशी शर्यत लावतो, तो त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बैलगाडीसारखा चालवत होता, आणि एकदाही "कसाले चिंता करस" म्हणाला नाही.

डांबर दिसलं तेव्हा टायरमधून दोराचे धागे लोंबत होते. ॲम्ब्युलन्स उभी होती. दवाखान्यात वेळेवर औषध लागलं आणि शोभाबाई वाचली.

संस्थेच्या अहवालात आलं, 'चाचणी अपूर्ण. वाटेत दुरुस्ती करावी लागली.' नवनीतसाहेबांनी खाली दोन चांगल्या ओळी घातल्या होत्या म्हणे. त्या कोणी वाचल्या नाहीत. गाडी हायवेवरच्या गावाला मिळाली. तिथे तिच्या खुर्चीवर दुधाचे कॅन चांगले बसतात, असं ऐकते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी रायसिंग दुकानात आला. शोभाबाईने मोहाची फुलं पाठवली होती. ती ठेवून तो पायरीवर रेंगाळला.

"बाई, दोर असेल तर द्या. लागेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका बाईचा जीव त्या चाकावर खाली आला, तरी वर दोरच लागणार! पण राग काढायचा कोणावर? नियम करणारा कधी भेटत नाही. भावेश मात्र समोरच बसला होता. मी त्याच्या चाकात नवं कडं बसवत होते.

"दोर नाही, रायसिंगभाऊ, तुटला," मी म्हणाले, आणि भावेशकडे वळले. "हे नवं कडं नीट मुरवायचं ना?"

"हो, ताई. आता वाळूमाच."

"वाळूने नाही भागायचं. हे दगडावर, वजन घेऊन, हळूहळू मुरतं. कोरीटमध्ये दगड आहेत का?"

"कोठे? काळी जमीन शे."

"चिमलपाड्यात भरपूर आहेत. करमसिंगकडे ठेव गाडी."

भावेशने माझ्याकडे पाहिलं, रायसिंगकडे पाहिलं. भोपळ्यातही बी असतं. "कितला दिन?"

"मुरेपर्यंत. ते मी सांगेन."

तेव्हापासून गाडी वर आहे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्या खुर्चीवरून कोण कोण खाली आलं, ते दवाखान्याला विचारा. भावेश बाजाराला येतो, करमसिंग गाडी घेऊन उतरलेला असतो, आणि दर वेळी एकच प्रश्न, "मुरना का?" मी टायर दाबते. "अजून कडक आहे."

परवा त्याने मला बाजूला सारलं आणि स्वतः वाकून गुडघा टेकवला. गुडघा अलगद आत गेला. फोम मस्त मुरला होता. जसा मुरायला हवा, तसा. भावेश उभा राहिला. करमसिंगने टाकीवर हात ठेवला होता. मी फडक्याने हात पुसत राहिले.

भावेशने पँटवरची धूळ झटकली.

"नही, ताई," तो म्हणाला. "आजून भलता कडक शे."