व्हरांड्याखालच्या चिंध्या

शनिवारी भरदुपारी गुनवोरबाईंच्या घराचा व्हरांडा पेटला. त्या वर झोपल्या होत्या. शेजारच्या सिक्स्तेननं दार फोडून त्यांना बाहेर काढलं. लिलेसुंडच्या तळ्याकाठची ती जुनी लाकडी घरं एकमेकांना खेटून उभी. वारा पडला होता म्हणून बाकीची ओळ वाचली.

पायरीखाली, तेलरंगात वापरतात त्या जवसाच्या तेलाच्या जळक्या चिंध्या सापडल्या. व्हरांडा नुकताच रंगवून गेलेल्या रंगारी माल्टेला गावानं दोषी ठरवून टाकलं.

"तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या की काही तासांनी आपोआप पेटतात," गुनवोरबाई म्हणाल्या. "बाबा रंगारी होते, आम्हा बहिणींना हे लहानपणापासून पाठ. पण माल्टे इतका निष्काळजी नाही. तू बघ, हेडविग."

हेडविग फ्रांक पोलिसातली नोकरी सोडून खासगी तपास करायची. सोबतीला निवृत्त पोस्टमन आल्गोट.

माल्टेनं मान वर केली नाही. "चिंध्या माझ्या नाहीत," एवढंच म्हणाला.

"गुरुवारी काम संपल्यावर माझ्याच नळाखाली ब्रश धुतले आम्ही," सिक्स्तेननं सांगितलं. "त्यानंतर तो फिरकलेला नाही."

धाकटी बहीण एल्सेबेत बातमी ऐकून योटेबोरीहून परत आली होती. "शुक्रवारी आले तेव्हा व्हरांड्यात तेलरंगाचा वास नुसता घमघमत होता. शनिवारी सकाळच्या बसनं गेले. ताईनंच पोचवलं."

"ही सुटली," बाहेर आल्यावर आल्गोट म्हणाला. "आगीच्या वेळी इथे नव्हतीच."

"चिंध्यांना माणूस लागत नाही, आल्गोट. वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी सिक्स्तेनच्या स्वयंपाकघरात सगळे कॉफीला बसले.

"तेलरंगाचे ब्रश नुसत्या पाण्यानं स्वच्छ निघत नाहीत," हेडविग म्हणाली. "माल्टे, रंग कुठला होता?"

"पाण्यातला," तो पुटपुटला. "तेलरंग वेळेत आला नाही. जुन्या घरांना तेलरंगाशिवाय दुसरा रंग लावायची परवानगी नाही, म्हणून गप्प बसलो."

"म्हणजे तेलाच्या चिंध्या बाहेरून आल्या, माल्टेवर ढकलायला. सिक्स्तेनला रंग बदललेला माहीत होता. तो त्या ठेवणार नाही. रंग तेलाचाच असणार असं धरून चाललेला माणूस एकच. एल्सेबेत, जो रंग लावलाच नाही त्याचा वास तुम्हाला आला कसा?"

एल्सेबेतनं कप खाली ठेवला.

"जागेला गिऱ्हाईक होतं," ती गुनवोरबाईंकडे वळून म्हणाली. "अर्धा वाटा माझा. पण ही घरं पाडू देत नाहीत, आणि तू विकायचं नाव काढत नव्हतीस."

"मी वर होते, एल्सा."

"शनिवारी दुपारी तू बेकरीत असतेस ना, ताई. घर रिकामं असेल असं वाटलं मला."

"बेकरी सोडून चार वर्षं झाली." गुनवोरबाईंचा आवाज चढला नाही. "अख्खी संध्याकाळ माझ्यासमोर बसलीस. दिवस कसे जातात, एवढंसुद्धा विचारलं नाहीस."

एल्सेबेतनं हात पुढे केला. गुनवोरबाईंनी फोन उचलला आणि पोलिसांचा नंबर स्वतःच लावला.